बारशापासून वर्षश्राद्धापर्यंत

डोंबिवलीत राहून चित्रांवर पोट भरतं का, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, स्मशानाच्या फाटकाबाहेर आणि लोकलच्या बायकांच्या डब्यात विचारून झालेला आहे. भरतं. फक्त ज्या चित्रांवर ते भरतं ती गॅलरीत टांगलेली नसतात. काही कुणाच्या हॉलमध्ये चंदनाच्या हाराखाली आहेत, काही दिवाळी अंकांबरोबर रद्दीत गेली, बरीचशी दहावीच्या गुणपत्रिकेत आकडा होऊन बसली. आणि आयुष्यात सगळ्यात जास्त जे काढले ते गणपतीचे डोळे. ते दर भाद्रपदात पाण्यात जातात.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या या पट्ट्यात चित्राला गिऱ्हाईक नाही, हे खरं नाही. गिऱ्हाईक आहे, पण ते प्रसंगाने येतं. घरात देव यायचा असला, मुलाला मार्क हवे असले, घरातलं कुणी गेलं, की माणूस चित्रकाराचा नंबर शोधतो. एरवी चित्र म्हणजे चैन, आणि चैनीलाही जागा लागते. वन बीएचकेच्या हॉलची एक भिंत खिडकीने खाल्लेली, एकीला दार, एकीवर टीव्हीचं युनिट. उरली ती सोफ्यामागची, तिच्यावर घड्याळ आणि शेजारी कालनिर्णय. मी स्वतः याच मापाच्या घरात राहते आणि माझेच मोठे कॅनव्हास पलंगाखाली आहेत, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

माझे वडील कल्याणला बोर्ड रंगवायचे. स्टेशनजवळ गाळा, बाहेर भिंतीला टेकवलेले पत्रे, आत टर्पेंटाइनचा वास. पत्र्याला आधी प्रायमर, त्यावर पांढऱ्याचे दोन हात, मग खडू फासलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधे टिचकी मारायची, की शिरोरेघेची ओळ उमटली. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला मी. डॉक्टरचं अक्षर उभं आणि कोरडं ठेवायचं, सोनाराचं जरा पोट सुटलेलं चालतं, वकिलाच्या पाटीला भडक लाल लावायचा नाही, असं बरंच काही मला तिथे कळलं, जे पुढे कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही. २००० च्या आगेमागे फ्लेक्सची मशिनं आली. चौरस फुटाचा दर निघाला आणि दुकानदार अक्षराऐवजी स्वतःचा फोटो मागायला लागले. वडिलांचा एक सोबती नंबर प्लेट रंगवून तगला होता. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या पाटी लागूनच यायला लागल्या, तेव्हा त्यानेही ब्रश धुऊन ठेवले.

मी जे.जे.ला उपयोजित कलेकडे गेले त्याला कारण वडीलच. फाइन आर्टचं त्यांना सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं होतं, "हे काम सांगतं कोण?" बोर्ड दुकानदार सांगतो, पडदा नाटक कंपनी सांगते. कुणी न सांगता माणूस आपण होऊन चित्र काढतो आणि मग ते विकायला बसतो, ही गोष्ट त्यांना धंद्याच्या उलट्या टोकाने सुरू केल्यासारखी वाटायची. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, एवढा नेमका प्रश्न मला नंतर कुठल्याही कलासमीक्षकाने विचारला नाही.

शिकून झाल्यावर फोर्टमधल्या एका एजन्सीत पेस्ट-अपच्या टेबलावर बसले. ब्रोमाइडचे तुकडे कापायचे, काऊगम लावायचा, ओळ सरळ बसली का ते टी-स्क्वेअरने बघायचं. नव्वदीच्या मध्यावर कॉम्प्युटर आले आणि आमची अख्खी रांग उठली. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, त्या वर्षांत मुंबईत हजारो हातांचं तेच झालं. मी डोंबिवलीत परत आले, आणि पहिलं काम मिळालं ते वडिलांच्या ओळखीच्या एका गणपतीच्या कारखान्यात.

बाहेरच्या माणसाला वाटतं मूर्तिकार म्हणजे एक माणूस. कारखान्यात तसं नसतं. पेण आणि तिथल्या हमरापूर-जोह्याकडून कच्च्या मूर्ती टेम्पोने येतात, काही साच्यातून इथेच निघतात. एक जण पॉलिश पेपर मारतो, एक जण अंगाचा रंग स्प्रे गनने देतो, पितांबराला वेगळा माणूस, दागिन्यांच्या सोनेरीला वेगळा. हल्ली खरं धोतर नेसवायची आणि फेटा बांधायची पद्धत आली, त्याला आणखी बायका लागतात. आणि शेवटी आखणी. आखणी म्हणजे डोळे, भुवया, गंध, सोंडेवरची नक्षी. ती ज्याच्या हातात तो कारखान्यात जरा तोऱ्यात असतो, कारण मूर्ती बाकी कितीही चांगली झाली तरी गिऱ्हाईक बघतं डोळ्यांत.

मला वाटलं होतं, जे.जे.त पोर्ट्रेट केलेल्या मुलीला यात काय अवघड. बुबुळ, काजळाची रेघ, वरची पापणी, कोपऱ्यात किंचित गुलाबी, शेवटी पांढरा ठिपका. मालकांनी माझी पहिली मूर्ती फळीवर उचलून ठेवली, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "ताई, हा समोरच्या भिंतीकडे बघतोय. माझ्याकडे बघायला पाहिजे." घरात गणपती पाटावर, चौरंगावर, कधी टेबलावर बसतो. आरती म्हणणारा उभा असतो, नमस्कार करणारा वाकलेला, आणि घरातली आजी खुर्चीवर. या तिघांनाही देव आपल्याकडे बघतोय असं वाटायला बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली किती जायला हवा, याचं माप कुठल्या पुस्तकात नाही. मूर्तीच्या उंचीप्रमाणे ते बदलतं. ते मी फळीवर ठेवून आणि जमिनीवर बसूनच शिकले. नजर हा विषय मला कुणी शिकवला असेल तर त्या मालकांनी, आणि ते सातवी शिकलेले होते.

दर नगावर असतो आणि उंचीवर ठरतो. शेवटच्या पंधरवड्यात रात्रीचे दोन-अडीच वाजतात, मग पहिली लोकल सुटेपर्यंत तिथेच पोत्यावर आडवं व्हायचं. पैसे गणपती गेल्यावर. उत्तरपूजा झाल्याशिवाय हिशोब नाही, ही जुनी रीत. मालकाचे पैसेही गिऱ्हाईक मूर्ती नेतानाच देतं, त्यामुळे मला बोलायला तोंड नसतं.

या धंद्याला वरून धक्के बसतात ते कागदाने. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवर बंदी आली. मार्चमध्ये अधिसूचना, जूनमध्ये अंमल, आणि सप्टेंबरात गणपती. मखरवाल्यांचा माल कापून तयार होता. उत्सवापुरती सवलत द्या म्हणून ते उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. माझ्या ओळखीचा एक जण महाल, देऊळ, मोर असलं काय काय थर्मोकोलमध्ये तारेच्या कटरने असं कापायचा की बघत राहावं. तो त्या वर्षी पुठ्ठ्याकडे वळला, पण पुठ्ठा त्याला वश झाला नाही, आता लग्नाच्या स्टेजला फुलं लावतो. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. विसर्जनानंतर सकाळी तलावाच्या काठावर काय साचायचं ते आम्हीही बघितलंय. पण हातातलं कसब माल बदलला की आपोआप दुसऱ्या मालावर चढतं, असं जे धोरण करणाऱ्यांना वाटतं ते कारखान्यात येऊन बघण्यासारखं आहे. पीओपीचंही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, मग कोर्टात तारखा पडत राहिल्या, २०२५ मध्ये मूर्ती बनवायला वाट मिळाली पण लहान मूर्तींचं नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको असं ठरलं. दर वर्षी मालक विचारतात, "यंदा शाडू किती धरू?" आणि माझ्या हातालाही त्याचं उत्तर हवं असतं. पीओपीवर ब्रश घसरत जातो, शाडू रंग पितो. रेघ ओढताना मधे थांबलं की तिथे डाग धरतो. शाडूच्या मूर्तीची आखणी एका श्वासात करावी लागते, आणि नगाचा दर मात्र तोच.

माझ्या वर्गातला एक जण, आता बऱ्यापैकी नावाचा, एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "तू अजून डोळेच काढतेस?" त्याला मी डोंबिवली एमआयडीसीतल्या शिल्पालयात जाऊन ये म्हटलं. तिथे भाऊ साठे यांची शिल्पं आहेत. भाऊ म्हणजे सदाशिव साठे, कल्याणचे, गणपती करणाऱ्या घरातले. दिल्लीत चांदनी चौकात गांधीजींचा पुतळा त्यांचा, आणि गेटवे ऑफ इंडियासमोर १९६१ मध्ये बसलेला घोड्यावरचा शिवाजीही त्यांचाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांचं नाव झालं ते याच कामांनी: समितीने, सरकारने, कुणीतरी प्रसंगाने सांगितलेल्या. सांगून करून घेतलेलं काम म्हणजे खालच्या दर्जाचं, हा समज आमच्या शाळांमध्ये कुठून रुजला कोण जाणे. मराठी घराघरांत ज्यांची चित्रं पोचली ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरसुद्धा कथेला, मुखपृष्ठाला, कॅलेंडरलाच चित्रं काढत होते. दलालांनी तर १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचाच अंक काढला. त्यांनी प्रसंग हातात घेतला, आम्ही प्रसंगाच्या मागे धावतो, फरक असेल तर तो.

दिवाळी अंकांची चित्रं मीही पुष्कळ केली. पावसाळ्यात संपादकांचा फोन येतो. कथा अजून टाइप व्हायचीय, तुम्ही तोवर एक बाई खिडकीत उभी काढून ठेवा. मराठी दिवाळी अंकांत खिडकीत उभ्या असलेल्या बायकांची संख्या एवढी का, याचं उत्तर वाचकांना आता मिळालं असेल. मानधन पुढच्या दिवाळीपर्यंत येतं, कधी अंकाच्या दोन प्रतींच्या रूपाने येतं.

देवाच्याच खात्यात मी सात घोडेही धरते. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले तसे इंटिरियरवाले फोन करायला लागले. सात पांढरे घोडे धावताना हवेत, तोंडं घराच्या आत, लगाम नको, मागे उगवता सूर्य, आणि सोफ्याच्या राखाडीशी मेळ खाणारं आकाश. वास्तूवाल्याने भिंत सांगितलेली असते, इंटिरियरवाल्याने माप, सोफ्याने रंग. माझ्याकडे उरतात ते घोड्यांचे पाय. सात घोड्यांचे अठ्ठावीस पाय एकमेकांत न गुंतवता धावते ठेवणं ही फार अवघड रचना आहे, हे मी पैजेवर सांगते. एका गृहस्थांनी मोजून बघितले. दोन पाय धुळीत झाकले होते, ते म्हणाले, "अहो, हे लंगडे तर होणार नाहीत ना?" मी धूळ कमी केली. त्या एका चित्राचे पैसे साधारण गणपतीच्या अख्ख्या मोसमाएवढे होते, आणि ते वेळेवर आले.

महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा मात्र एकच, क्लासचा. संध्याकाळी हॉलमधलं टीपॉय बाजूला सारून सतरंजी अंथरली की माझं घर वर्ग होतं. मुलं येतात ती कला संचालनालयाच्या परीक्षांसाठी, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. आयांना इंटरमिजिएटची श्रेणी हवी असते कारण तिचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. पहिल्याच दिवशी दारातून विचारणा होते, "टीचर, ए ग्रेडची गॅरंटी आहे ना?" आणि पाठोपाठ, "तुम्हालाही घरबसल्या छान वेळ जातो, नाही का!" पुरुष चित्रकाराच्या क्लासला अकॅडमी म्हणतात. माझा वेळ जातो.

वस्तुचित्राला तांब्या, वांगं, दोन कांदे आणि मागे पडदा. तांब्याचं तोंड गोल नसतं, आपण वरून किती बघतो त्याप्रमाणे ते चपटं होतं, हे एवढं समजायला कित्येक मुलांना महिना लागतो, आणि समजतं त्या क्षणी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्या चेहऱ्यासाठी मी क्लास घेते असं म्हटलं तर खोटं होईल, फीसाठी घेते. पण तो बोनस आहे. स्मरणचित्राचा पेपर मला आवडत नाही. बाजार, बसस्टॉप, बाग असे विषय येतात आणि मुलं आकृत्या पाठ करतात: टोपलीवाली बाई, छत्रीवाला माणूस, पाठमोरा मुलगा. विषय कुठलाही येवो, हीच तीन माणसं कपडे बदलून हजर. मीही त्याच शिकवते, कारण गॅरंटी मागितलेली असते. एकदा एका मुलाने 'रेल्वे स्थानक' म्हणून नुसते हात काढले, वरच्या कड्यांना धरलेले, वीस-पंचवीस, खाली माणसंच नाहीत. त्याचे वडील दिव्याहून रोज गाडी पकडायचे. मी ते चित्र ठेवून घेतलं आणि त्याला परीक्षेत टोपलीवाली बाईच काढायला सांगितली. ए आला. दहावीनंतर तो कॉमर्सला गेला.

२०२० मध्ये या परीक्षा झाल्याच नाहीत. क्लास फोनवर गेला. कॅमेऱ्यात तांब्याचं तोंड आणखीच भलतं दिसायचं. त्या वर्षी फी देणारे थोडेच राहिले, पण त्याच वर्षी दुसरं काम वाढलं, ते सांगायला आजही जड जातं.

तसबिरींचं काम मी पूर्वीपासून करत होते. कुणी गेलं की तेराव्यापर्यंत फोटोची घाईघाईत केलेली मोठी प्रत लागते, ती स्टुडिओवाला देतो. माझ्याकडे लोक येतात ते वर्षश्राद्ध जवळ आलं की. तोवर फोटोतला माणूस घरच्यांना पटेनासा झालेला असतो. येतो तो फोटो बहुतेक वेळा आधार कार्डाचा, पासबुकाचा किंवा एखाद्या ग्रुप फोटोच्या कडेचा, ज्यात अर्धा कान शेजारच्याच्या खांद्यामागे आहे. आपल्या घरातल्या बायकांचे एकटीचे नीट फोटो किती कमी असतात, हे या कामात पडल्याशिवाय कळायचं नाही. बापाचे ऑफिसातले, सत्काराचे, ट्रिपचे असतात. आईचा फोटो म्हणजे मुलीच्या लग्नात ताट धरून उभी, मान वळलेली, डोळे मिटलेले.

मग मी बोलत बसते. चष्मा कायम लावायच्या की वाचायला? केस मागे कसे? रागावल्या की भुवई कुठली वर जायची? हे विचारायचं कारण चित्रापुरतं असतं, पण समोरचा तास-तासभर बोलतो. एका आजींना नवऱ्याचं चित्र सुटाबुटात हवं होतं. कारकून माणूस, जन्मात सूट घातला नाही. मुलगा म्हणाला, "आई, हे बाबा वाटतील का?" त्या म्हणाल्या, "मला माहितीये कोण आहेत ते. तू सूट काढायला सांग." मी गडद निळा काढला. टायची गाठ मात्र ढिली ठेवली, कारण फोटोत शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. त्यांना ती गाठ इतकी पटली की चित्र घेऊन जाताना त्या दोनदा म्हणाल्या, "असंच केलं असतं त्यांनी."

कोविडनंतरच्या दोन वर्षांत अशी कामं एवढी आली की नको म्हणावंसं वाटे. अमेरिकेतला मुलगा फोनवर फोटो पाठवायचा, अंत्यविधीला तो येऊ शकलेला नसायचा, आणि रंगाबद्दल काहीच न बोलता पैसे आधी पूर्ण भरायचा. त्या पैशांतून मी खोलीला एसी बसवला. ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. पण कामाचा हिशोब लिहायला बसल्यावर तीही लिहायला हवी.

या चित्रांबाबत कायदा काय सांगतो, ते मला उशिरा कळलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे आजोबांचं चित्र एखाद्या ट्रस्टच्या स्मरणिकेवर छापलं, चहाच्या कपांवर छापून पाहुण्यांना वाटलं, तरी मला दाम मागता येत नाही. पण कलम ५७ प्रमाणे चित्र माझं आहे असं म्हणण्याचा, आणि ते विद्रूप केलं तर अडवण्याचा हक्क माझ्याकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकल्यावर याच जोरावर खटला लढवला, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डोंबिवलीत कुणी माझी तसबीर उखडली तर मी कोर्टात जाणार नाही. पण हे वाचल्यापासून सही बारीक करायची सोडली. वडील बोर्डाच्या कोपऱ्यात सही करायचे ती वाचता येईल अशीच असायची.

कंपन्यांची कामं वेगळीच. कॅन्टीनची भिंत, सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं, दिवाळीच्या भेटकार्डांवरची चित्रं. तिथे दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात, आणि येतात म्हणजे कधीतरी येतात. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज आहे. मी रीतसर उद्यम नोंदणी करून घेतली आणि बिलाखाली त्या कायद्याचं नाव छापायला लागले. व्याज कुणी दिलं नाही, पण बिल बाजूला ठेवणारा माणूस ते आता वरच्या गठ्ठ्यात ठेवतो. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत येतो, घरी त्याला आम्ही दिवाळी म्हणतो, कारण खऱ्या दिवाळीला कुणीच काही देत नाही.

फुकट कामाबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण आमच्या गावाला त्याची खोड आहे. पाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, मग ती ठाण्यात, गिरगावात, सगळीकडे गेली. मला तिचा अभिमान आहे. फडके रोडवर त्या सकाळी मीही नऊवारीत असते. पण चित्ररथ करायला मंडळी येतात तेव्हा ट्रकवाल्याचे पैसे ठरलेले असतात, ढोलपथकाच्या टेम्पोचे ठरलेले असतात, मांडववाल्याला आगाऊ दिलेली असते, आणि मागचा पडदा रंगवणारीला मात्र म्हणतात, "ताई, आपलंच काम आहे." शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. सन्मानचिन्हं ठेवायला भिंत नाही, हे वर सांगितलंच. मी आता साहित्याचे पैसे आणि हाताचे पैसे असे दोन आकडे कागदावर लिहून देते आणि म्हणते, दुसरा सोडायचा असेल तर मी सोडेन, तुम्ही नाही. बरेच जण दोन्ही देतात. न देणारे दुसऱ्या कुणाकडे जातात, आणि तो दुसरा कुणी बहुतेक माझाच जुना विद्यार्थी असतो, तेव्हा त्यालाही मी हेच शिकवायला हवं होतं, त्या तीन पाठ आकृत्यांबरोबर.

माझी स्वतःची चित्रं? आहेत. कल्याणच्या खाडीची आहेत, काळ्या तलावाची आहेत, कारखान्यात रात्री रांगेने ठेवलेल्या, अजून डोळे नसलेल्या मूर्तींची एक मालिका आहे. जहांगीरच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहायची ऐपत आणि धीर नव्हता. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, तिथे लावली. डोंबिवलीहून कॅनव्हास नेले ते लोकलच्या मालडब्यातून, दूधवाल्यांच्या मधे उभं राहून. बघायला लोक आले, चांगले आले, "किती दिवस लागले?" विचारून गेले. त्या डोळे नसलेल्या मूर्तींसमोर एक बाई जरा दचकल्या. "घरात कसं लावणार हे?" म्हणाल्या. बरोबर आहे, मलाही सांगता आलं नसतं. त्यातलं एक विकलं गेलं, आणि घेतलं कुणी? त्याच कारखान्याच्या मालकांनी. ऑफिसात लावलंय. दर विचारला आणि घासाघीस न करता दिला, उत्तरपूजेची वाट न बघता.

परवा खडकपाड्याहून एक सून आली. हातात मोबाइल, त्यात सासऱ्यांचा चेहरा, एआयने तरुण आणि गुळगुळीत केलेला. गेल्या वर्षा-दोन वर्षांत असे चेहरे घेऊन खूप लोक येतात. मुखपृष्ठं, कथाचित्रं, कॅन्टीनची पोस्टरं यांतलं बरंच काम या यंत्राने नेलं, तेव्हा मी त्याच्यावर खूश असायचं कारण नाही. पण या बाई म्हणाल्या, "टीचर, घरात कुणालाच हे बाबा वाटत नाहीत. सासूबाई तर बघतही नाहीत." मी मूळ फोटो मागितला. रेशन कार्डावरचा होता, पुसट, कडेला शिक्का आलेला. डावा कान उजव्यापेक्षा बाहेर, एका भुवईत खाच. यंत्राने दोन्ही दुरुस्त केलं होतं.

"खाच कशाची?" मी विचारलं.

"लहानपणी विहिरीवर पडले होते, असं सासूबाई म्हणतात."

"त्यांना घेऊन या एकदा."

वर्षश्राद्ध श्रावणात आहे. श्रावणात माझा हात आखणीला बांधलेला असतो, हे मी त्यांना सांगितलं. चित्र पितृपक्षात मिळेल, अठरा बाय चोवीस, अर्धे पैसे आधी. त्यांनी जरा विचार केला, नवऱ्याला फोन लावला, आणि त्यानेही पहिलं तेच विचारलं जे गणपतीपासून घोड्यांपर्यंत सगळे विचारतात. किती दिवस लागतील?